चांदीच्या अंगठ्यांच्या फिनिशिंगला कुठला पॉलिश पेपर घेऊ? (बजेट ८००)

मुग्धा_कळवा: घरीच ९२५ (९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या अंगठ्या नि कानातले करते. डाख लावणं जमलंय आता, पण फिनिशिंगला मार खाते. कानशीचे ओरखडे ४००च्या पेपरने घालवते, मग एकदम २००० फिरवते, चमक येते पण ट्यूबलाइटखाली धरलं की रेघा तशाच. काय घेऊ? मोटर नको, वन आरके आहे आणि बाळ झोपलेलं असतं.

घणसोलीकर: मोटरशिवाय मजा नाही ताई. मी साडेसहा हजारांची फ्लेक्सशाफ्ट (लवचिक दांड्याची पॉलिशची मोटर) घेतली, दहा मिनिटांत आरसा! फक्त साखळी धरू नका त्यावर, माझी बफात (पॉलिशच्या चाकात) गुंडाळली गेली, बोट थोडक्यात वाचलं.

मुग्धा_कळवा: दादा, बजेट ८०० आहे.

नौपाड्याचे_नाना: अगं, चूक त्या उडीत आहे. ४००चा ओरखडा २०००ने जात नाही, नुसता चमकतो. ४००, ६००, ८००, १२०० असं जाडाकडून बारीककडे चढत जा. दर नंबरला घासायची दिशा काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीच्या रेघा आडव्या दिसतात, त्या सगळ्या पुसल्या गेल्या की मगच पुढचा पेपर. मधे दागिना धुवायचा, जाड कण एक जरी राहिला तरी परत पहिल्यापासून. माझे वडील सोनारकाम करायचे, पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून घासायचे, नुसत्या बोटाने घासलं की कडा गोल होतात.

वाशीचा_मंदार: नंबर बघून घ्या पण. पेपरच्या पाठीवर ‘पी’ (युरोपियन माप) छापलेला १२०० आणि अमेरिकन मापाचा ६०० जवळपास एकच. मी दोन्ही घेऊन आलो, फुकट पैसे गेले.

नौपाड्याचे_नाना: पी-बी काही नाही, पेपर हाताला कळतो.

वाशीचा_मंदार: काका, नवीन माणसाला हाताला कसं कळणार?

ऐरोलीची_शमा: मी टंबलर (दागिने घोळवणारं फिरतं पिंप) घेतला, स्टीलचे छर्रे टाकून. झकास!! रात्रभर लावून झोपायचं.

अंबरनाथ७१: टंबलर ओरखडे काढत नाही हो, छर्रे धातू दाबून चकाकी आणतात. माझे ओरखडेच चकाकले. आणि ४००वरून २०००वर उडी मारू नका.

नौपाड्याचे_नाना: तेच तर मी वर लिहिलंय.

घणसोलीकर: पेपर ऑनलाइन घेऊ नका. ठाण्याहून स्लो पकडून मस्जिदला उतरा, झवेरी बाजारात सुटा पेपर मिळतो, रूजची (शेवटच्या चमकेच्या पॉलिशची) वडीपण घ्या.

अंबरनाथ७१: ट्रिपोली (रूजपेक्षा जाड पॉलिश) आधी, रूज नंतर, आणि दोन्हीची फडकी वेगळी ठेवा. मोटर नसेल तर चामड्याच्या पट्टीवर रूज लावून हातानेच घासा. पेपर वॉटरप्रूफ घ्या नि ओला करून चालवा, बाळाच्या घरात धूळ उडायला नको. सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं.

मुग्धा_कळवा: धुळीचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू! काल ४०० मग ६००, दोन्ही ओले, पट्टीला गुंडाळून केलं. ६००ला थांबले आणि शेवटचा हात एकाच दिशेने मारला, तर इतकी मऊ मंद झळाळी आली की पुढे घासवेना. आरसा नकोच मला. रूज घेत नाहीये.

घणसोलीकर: मॅट कोण घेतं? गिऱ्हाईकाला चमक लागते.

नौपाड्याचे_नाना: रोज वापरून अंगठी आपोआप चमकेल गं, मॅट राहत नाही.

मुग्धा_कळवा: चमकली तर आणा म्हणेन, ६०० परत फिरवून देईन. पेपरचे १८० झाले, उरलेल्यात रिठे आणि मऊ ब्रश घेतला धुवायला.

ऐरोलीची_शमा: टंबलर तरी बघ एकदा.