जुन्या ग्रंथाची सैल झालेली बांधणी

प्रश्न (फोंडा): आजोबांच्या संग्रहातील एका ग्रंथाचे पुठ्ठे सांध्यातून सैल झाले असले, तरी आतील शिलाई शाबूत आहे. ते घरीच फेव्हिकॉलने चिकटवावेत काय?

उत्तर (डिचोली): शिलाई शाबूत असेल, तर काम सोपे आहे. फेव्हिकॉल टाळावा, कारण वाळल्यावर तो कागदाला इजा न करता काढता येत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ विणकामाच्या सुईला लावून ती सांध्यात अलगद फिरवावी आणि पुठ्ठा व पानांच्या मध्ये मेणकागद घालून ग्रंथ रात्रभर वजनाखाली ठेवावा.

उत्तर (मडगाव): खळ उत्तमच, परंतु आपल्याकडील पावसाळ्यात तिच्यावर बुरशी लवकर धरते, म्हणून दिवाळीनंतरची कोरडी हवा पाहावी. सेलोटेप मुळीच नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तोवर ग्रंथ रुंद सुती फितीने बांधून ठेवतो.