थेरपी मुलाची, शिकवणी आईबाबांची
तीन वर्षांच्या पोराला कसली आलीय थेरपी, हा प्रश्न रास्त आहे. पण या वयात मुलाला समुपदेशकासमोर एकटं बसवून बोलतं करत नाहीतच. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपीत (साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी) आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, कानात इअरफोन असतो आणि काचेपलीकडून थेरपिस्ट सुचवत राहतो. मूल ठोकळे रचत असेल तर 'हा कुठला रंग?' असंसुद्धा विचारायचं नाही. 'लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास' एवढंच. करून बघा, दोन मिनिटांत जीभ शिवशिवते! शिस्तीचा भाग त्यानंतरचा. चावणं-मारणं दोन-तीन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांत असतंच. पण कुणाला इजा होऊ लागली तर 'मोठा झाला की सुटेल' म्हणत बसू नये.