काळ्या मातीवर गोल्फचं ग्रीन: निचरा कसा करावा?

प्रश्न: पुण्याजवळ नऊ होलचा कोर्स आखतोय. जमीन काळी, पावसात फुगणारी. ग्रीनखाली (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या पट्ट्याखाली) थर किती जाडीचे हवेत?

उत्तर १: यूएसजीएची (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची) पद्धत धरा. तळाला १०० मिमी व्यासाचे सच्छिद्र पाइप, दोन ओळींत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर, उतार किमान ०.५ टक्का. वर १०० मिमी खडी, त्यावर ३०० मिमी वाळूमिश्रण. काळ्या मातीवर आधी जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) अंथरा, नाहीतर खडी चिखलात रुतते. मात्र ते कापड पाइपांवर कधीही घालू नका, बारीक कणांनी तुंबतं.

उत्तर २: वाळू आणि खडी दोन्ही प्रयोगशाळेतून तपासून घ्याच! खडी जास्त जाड निघाली तर वाळू तिच्यात उतरते. मग मध्ये ५० ते १०० मिमी भरड वाळूचा थर लागतो.

उत्तर ३: होलच्या जागी उतार १ ते ३ टक्के. त्याहून जास्त ठेवला तर गवत बारीक कापल्यावर चेंडू थांबतच नाही. टेकडीकडच्या बाजूला चर काढा, बाहेरचं पाणी ग्रीनवर येता कामा नये.