लॅटिन जॅझच्या मैफलीत सम कुठे धरावी?

तबलजी_कोल्हापूर: नमस्कार. मी येथे कोल्हापुरात तबला शिकतो. लॅटिन जॅझचे वृंदप्रमुख टिटो पुएन्ते यांच्या जाहीर कार्यक्रमांची चित्रमुद्रणे पाहताना असे लक्षात आले, की ते वृंदाच्या अगदी पुढे उभे राहून टिंबालेस (काठ्यांनी वाजवायचे धातूच्या अंगाचे जोडढोल) वाजवतात आणि वाजवता वाजवताच साऱ्या वादकांना सांभाळतात. पण आवर्तन मोजू लागलो की सम हातून निसटते. मोजणी कोठून सुरू करावी?

मंगळवारपेठकर: आपली अडचण स्वाभाविक आहे, कारण जेथे आपण सम शोधता, तेथे बास गिटार बहुधा नवा आघात देत नाही. दोन मापांच्या (बारच्या) मिळून सोळा मात्रा धरल्या, तर तिचे आघात चौथ्या, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर येतात आणि पंधराव्या मात्रेचा नाद पुढच्या पहिल्या मात्रेवरून ओघळत जातो. म्हणून बासच्या मागे न जाता क्लावे, म्हणजे या संगीताचा पाच आघातांचा मूळ ठेका, धरावा: पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी मात्रा. तो कोणी वाजवत नसला तरी सर्वांच्या मनात चालू असतो. काही रचनांत मात्र दोन आघातांचे माप आधी येते, तेव्हा नवव्या मात्रेपासून मोजावे लागते. आधी हे पाच आघात टाळीने पक्के करावेत. तीनतालाचे खंड काही काळ विसरलेलेच बरे.

ठेकाप्रेमी: वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र नेतृत्वाचा मुद्दा त्यात राहिला. टिंबालेरोची (टिंबालेस वाजवणाऱ्याची) काठी कोठे पडते ते पाहावे. गायनाच्या भागात ती बहुधा वाद्याच्या धातूच्या अंगावर चालते आणि समूहगान व ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) भर आला की वाद्याला जोडलेल्या घंटेवर जाते. या दोहोंच्या सांध्यावर एक झपाट्याची भरणी येते, तिला आबानिको म्हणतात, आणि ती ऐकताच वृंद पुढच्या भागात शिरतो. पूर्वी टिंबालेस वृंदाच्या मागे असत. त्यांना पुढे आणण्याचे श्रेय पुएन्ते यांनाच दिले जाते.

तबलजी_कोल्हापूर: म्हणजे खासबागेच्या कुस्ती-मैदानातील हलगीसारखेच म्हणावे का?

मंगळवारपेठकर: मला तसे वाटत नाही. हलगीवाला पैलवानांची झटापट पाहून ठेका चढवतो. येथे वादकाने ठरवल्यावर इतर चढतात.

ठेकाप्रेमी: आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मोंगो सांतामारिया किंवा पोंचो सांचेझ यांच्यासारखा वृंदप्रमुख काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवणारा असेल, तर काठी त्याच्या हाती नसते. तेव्हा नाव ज्याचे आहे त्याच्याकडे न पाहता बाजूच्या टिंबालेसवाल्याकडे पाहावे. भाग बदलल्याची खूण बहुधा तेथूनच मिळते. (काँग्याचे मोकळे बोल सातव्या-आठव्या आणि पंधराव्या-सोळाव्या मात्रेवर पडतात, हे तबलजींना विशेष उपयोगी पडेल.)