मदत हवी आहे : झिंक ऑक्साइड नॅनोवायर ताणताना क्लँप घसरतोय की वायरच लांबलेली राहतेय?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्येच तन्यता चाचणी (ओढून ताणण्याची चाचणी) चालू आहे. वायरचा व्यास ६० नॅनोमीटर, मोकळी लांबी ४ मायक्रोमीटर, वाढ स्फटिकाच्या सी-अक्षाच्या दिशेने. दोन्ही टोकं इलेक्ट्रॉन शलाकेने कार्बन साचवून चिकटवलेली; हेच क्लँप. बल मोजायला २ न्यूटन/मीटरचा कँटिलिव्हर (एका टोकाला धरलेली लवचीक पट्टी), म्हणजे २% विकृतीला (लांबीतल्या २% वाढीला) साधारण ८ मायक्रोन्यूटन बल आणि पट्टीचा ४ मायक्रोमीटर विक्षेप अपेक्षित.

अडचण अशी की ताण-विकृती आलेखाचा उतार, म्हणजे वायरचा ताठरपणा दाखवणारा मापांक, ९० गिगापास्कलच्या आसपास येतो. ठोकळ्यातल्या झिंक ऑक्साइडचा याच दिशेचा मापांक १४० च्या घरात आहे आणि बारीक वायर तर उलट ताठ असायला हवी. भार काढल्यावर ०.३% विकृती उरते, म्हणजे जेमतेम १२ नॅनोमीटर. एवढं तर क्लँपही सरकू शकतो!

छेद षटकोनी आहे. दिसणारी रुंदी कोपरा-ते-कोपरा असेल, तर वर्तुळ धरून काढलेलं क्षेत्रफळ सुमारे २१% जास्त भरतं आणि मापांक सुमारे १७% खाली दिसतो. पण उरलेल्या विकृतीचं उत्तर त्यात नाही.

विचार असा आहे: क्लँपपासून थोडं आत कार्बनचे दोन ठिपके टाकून त्यांच्यातलंच अंतर मोजायचं, आणि भार काढल्यावर शलाका बंद ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं. ठिपक्यांमधलं अंतर लगेच पूर्ववत झालं तर क्लँपची घसरण; तिथेही विकृती उरली आणि हळूहळू भरून आली तर अ‍ॅनइलॅस्टिक (उशिरा पूर्ववत होणारी), नाही भरली तर वायर कायमची लांबलेली.

ठिपक्यांमुळे तिथे ताण एकवटून वायर आधीच तुटते का? क्लँपची लांबी किती ठेवता? आणि शलाकेचा परिणाम वेगळा कसा काढता?