मदत हवी आहे: आर्केड मशीनवर गॅलगा हा गेम रंगात आला की बोर्ड रीसेट होतो

कॅबिनेट उभ्या स्क्रीनचं, आत जामा जोडणीचा (आर्केड बोर्डांची ठरलेली पिनांची मांडणी) साठ-इन-वन, म्हणजे एकात साठ गेमचा बोर्ड. साधारण वीस मिनिटं नीट चालतं. मग नेमकं पकडलेलं विमान सोडवून दुहेरी फायरिंग सुरू झालं की स्क्रीन काळी, आणि पुन्हा मेनू! १९४२ नावाचा गेम खेळतानाही तेच, म्हणजे दोष गेमचा नाही.

मीटरवर पॉवर सप्लायच्या टोकाला ५.०५ व्होल्ट, बोर्डाच्या पिनांवर मात्र ४.७२, म्हणजे व्होल्टेज वाटेतच पडतंय. खोडरबरने पिना घासून झाल्या, फरक शून्य. हार्नेस (सप्लायपासून बोर्डापर्यंतच्या तारांचा जुडगा) उघडला तर पाच व्होल्टची एकच केसासारखी तार पिन ३ वर. ४, सी, डी रिकाम्या. ग्राउंडचंही (परतीच्या तारेचं) तेच रडगाणं. सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवणं मला पटत नाही, कारण तार तापतच राहणार.

चारही पिनांना आणि ग्राउंडच्या १, २, ए, बी ला ०.७५ चौरस मिमीची तार वेगवेगळी ओढली तर पुरेल, की १ ची घ्यावी? आणि ५६ पिनांचा, ३.९६ मिमी अंतराचा, बोर्डाच्या कडेवर बसणारा एज कनेक्टर सोलापुरात नवी पेठेत कुठे मिळेल, की पुण्याहूनच मागवावा लागेल?