मेक्सिको: वसाहतकालीन गावं आणि शिडाची बोट, पंधरा दिवसांत कसं बसवावं?

वाटाड्या_ह्यूस्टन

आम्ही आठ जण. सहा ह्यूस्टनचे, दोघं पुण्याहून येणारे (वय ६५ आणि ६८). २०२७ च्या मार्चअखेरीस पंधरा दिवस मेक्सिको करायचा विचार आहे. अर्धा वेळ स्पॅनिश काळातली जुनी गावं, अर्धा वेळ शिडाच्या बोटीवर मुक्काम. कच्चा बेत असा: मेक्सिको सिटी, पुएब्ला, वाहाका, सान मिगेल दे आयेंदे, ग्वानाह्वातो आणि मग पूर्व किनाऱ्यावरच्या कॅनकूनहून किंवा पश्चिमेकडच्या ला पासहून कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट).

प्रश्न:
१) समुद्र कुठला निवडावा?
२) बोट आधी की गावं आधी?
३) भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय? सगळ्यांचे कागद वेगवेगळे आहेत.
४) चौघं पक्के शाकाहारी आहेत. बोटीवर आणि गावांत निभेल का?
५) कुणाकडेही बोट चालवायचं प्रमाणपत्र नाही. ज्येष्ठांना बोटीवर नेणं कितपत शहाणपणाचं?

---

पठारवासी

आधी तारखा बदला. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. त्याच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता आणि नंतरचाही आठवडा शाळांच्या सुट्टीचा. ४ एप्रिलपर्यंत अख्खा मेक्सिको रस्त्यावर असतो, सान मिगेलमध्ये खोल्या दुप्पट भावाने जातात आणि ला पासचे किनारे भरलेले असतात. १० एप्रिलच्या शनिवारी सुरुवात करा. पाऊस जूनमध्ये येतो, म्हणजे एप्रिल कोरडाच आहे.

दुसरं, गावांची यादी निम्मी करा. वाहाका आणि पुएब्ला एका दिशेला, सान मिगेल आणि ग्वानाह्वातो दुसऱ्या. आठ जणांचं सामान चढवण्या-उतरवण्यात प्रत्येक बदलीला अर्धा दिवस जातो. माझं मत: मेक्सिको सिटी २ रात्री, सान मिगेल ३, ग्वानाह्वातो २, ला पास १, बोटीवर ५, परत ला पास १. झाल्या चौदा रात्री.

मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे, ग्वानाह्वातो दोन हजारांच्या आसपास, सान मिगेल त्याहून थोडं खाली. पहिले दोन दिवस जिने चढताना धाप लागते, ज्येष्ठांना जास्तच. म्हणून पहिल्या दिवशी फक्त सपाटीवरचं बघा. गावं आधी ठेवण्याचं आणखी एक कारण: कुणी ला पासला स्कुबा करणार असेल, तर त्यानंतर लगेच विमान किंवा पठारावरचा मुक्काम नको, किमान १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात. समुद्र शेवटी ठेवला की हा पेच एका मोकळ्या दिवसात सुटतो.

मेक्सिको सिटीहून सान मिगेलला चालकासह मोठी व्हॅन घ्या. आठ माणसं आणि आठ बॅगा म्हणजे किमान बारा आसनांची हवी, नाहीतर बॅगा मांडीवर. चार तासांचा रस्ता आहे, वाटेत केरेतारोला जेवायला थांबा. चौऱ्याहत्तर कमानींचा जलसेतू आहे, आणि जिथे १९ जून १८६७ रोजी मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याला गोळ्या घातल्या ती टेकडीही शहरातच आहे. व्हॅन नको असेल तर मेक्सिको सिटीच्या उत्तर बसस्थानकावरून ईटीएन किंवा प्रिमेरा प्लुसच्या गाड्या आहेत. ईटीएनमध्ये एका रांगेत तीनच खुर्च्या असतात, ज्येष्ठांना तेच बरं.

सान मिगेलहून ग्वानाह्वातोला जाताना दोलोरेस इदाल्गोवरून जा. १६ सप्टेंबर १८१० ला इदाल्गो या पाद्र्याने तिथल्याच चर्चमधून स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली. चौकात विचित्र चवींची आइस्क्रीमं मिळतात, पण थांबायचं ते चर्चसाठी. त्याआधी वाकडी वाट करून आतोतोनील्कोचं देवालय बघा, आतल्या भिंती आणि छत चित्रांनी भरलेलं आहे. सान मिगेलबरोबर तेही २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. या वाटेने गेलं की सेलाया, सालामान्का, इरापुआतो हा औद्योगिक पट्टा टळतो. ग्वानाह्वातो राज्यातली गुन्हेगारी टोळ्यांची बरीचशी मारामारी त्याच पट्ट्यात होते. प्रवास उजेडी करा आणि टोलचा रस्ता असेल तिथे तोच घ्या, फलकावर ‘कुओता’ लिहिलेलं असतं.

ग्वानाह्वातोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे गट हमखास अडकतात. गाव दरीत आहे. बरीचशी वाहतूक बोगद्यांतून चालते आणि मुख्य भुयारी रस्ता नदीच्या जुन्या पात्रातून गेलेला आहे. बोगद्यात जीपीएस हरवतं आणि वरच्या गल्ल्यांत गाडी जातच नाही. हॉटेल ठरवताना एकच प्रश्न लेखी विचारा: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? ‘सुंदर देखावा’ लिहिलेली बहुतेक घरं शंभरेक पायऱ्या वर असतात. ज्येष्ठांसाठी हुआरेस नाट्यगृहाच्या आसपास, दरीच्या तळाशीच खोली घ्या. वरून गाव बघायचं तर नाट्यगृहाच्या मागूनच पीपिलाच्या पुतळ्यापर्यंत दोरखंडावरची गाडी जाते.

दोन्ही गावांत गोटे बसवलेले रस्ते. चाकांची बॅग आणि पातळ तळव्याची चप्पल, दोन्ही निरुपयोगी.

---

कागदपत्रे_तपासा

फक्त व्हिसाबद्दल.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा शिक्का असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डवरही चालतं. कॅनडा, ब्रिटन, जपान, शेंगेन यांचे वैध व्हिसाही धरले जातात. पुण्याच्या दोघांकडे बी१/बी२ (अमेरिकेचा पर्यटन-भेटीचा व्हिसा) असेल तर काम झालं, मात्र व्हिसा शेवटच्या दिवसापर्यंत वैध हवा.

फसगत इथे होते: एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांचा शिक्का संपलेला असतो आणि हातात फक्त आय-७९७ (मंजुरीचं पत्र) असतं. मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा कमी राहून, वैध आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वर अमेरिकेत परत येण्याची सवलत आहे, हे खरं. पण ती सवलत अमेरिकेची. मेक्सिकोत शिरताना आय-७९७ हा व्हिसा धरला जात नाही आणि विमान कंपनी ह्यूस्टनलाच थांबवते. अशांनी मेक्सिकन वकिलातीतून आधी व्हिसा काढावा. भेटीची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून हा विषय तिकिटांच्या आधी.

किती दिवस राहू द्यायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, हॉटेलांची नोंद आणि बोटीचा करार छापून जवळ ठेवा. आणि विम्यात ‘शिडाच्या बोटीवर मुक्काम’ व ‘वैद्यकीय स्थलांतर’ हे दोन्ही शब्दांत लिहिलेलं आहे का ते वाचा.

---

मतलई

समुद्राचा प्रश्न मी घेतो. कॅनकूनकडे एप्रिलपासून सारगासम शेवाळाचे ढीग किनाऱ्याला लागू लागतात, आणि तिथल्या बहुतेक कॅटामरान दिवसाच्या सहलीच्या. मुक्कामी शिडाची बोट हवी असेल तर ला पास, म्हणजे कोर्तेसचा समुद्र. बाहा द्वीपकल्पाच्या आत असल्यामुळे पॅसिफिकची मोठी लाट पोचत नाही, आणि एस्पिरितू सांतो बेट बंदरापासून एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

बोट: ४२ ते ४५ फुटी कॅटामरान, चार खोल्या, कप्तानासह. प्रमाणपत्र नसेल तर नुसती बोट मिळणार नाही आणि मागूही नका. कप्तान नववा माणूस. त्याची झोपायची जागा आणि जेवण तुमच्या हिशेबात धरा. भाड्याशिवाय कप्तानाचा दिवसाचा पगार, डिझेल, राष्ट्रीय उद्यानाचे मनगटी पट्टे (प्रवेशशुल्क), अनामत आणि बक्षिसी हे वेगळं असतं. करारात प्रत्येकाची रक्कम लिहून घ्या.

वारा: इथे दोन वारे ओळखायचे. हिवाळ्यातला उत्तरेचा वारा २० ते ३० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किमी), दोन-तीन दिवस सलग. लाट आखूड आणि उभी होते, बोट आपटत राहते. तेव्हा बंदराचा कप्तान, म्हणजे तिथला सरकारी अधिकारी, लहान बोटींना बंदर बंद करतो आणि मग कुणीच निघत नाही. मार्चअखेरीस तो अजून येतो, एप्रिलच्या मध्यापासून मंदावतो. तारखा पुढे न्यायचं मुख्य कारण हेच. दुसरा कोरोमुएल. पॅसिफिककडून द्वीपकल्पाच्या सखल भागावरून नैऋत्येचा वारा संध्याकाळनंतर उतरतो आणि सकाळपर्यंत वाहतो. उन्हाळ्यात रोजचा, एप्रिल-मेमध्ये अधूनमधून.

याचा अर्थ असा, की दुपारी आरशासारखी असलेली खाडी रात्री दोनला तुमच्या झोपेची वाट लावते. एस्पिरितू सांतोच्या सुंदर खाड्या पश्चिमेकडे उघडतात आणि कोरोमुएल नेमका तिकडूनच आत घुसतो. त्याच्या उत्तरेकडच्या सान फ्रान्सिस्को बेटाचा आकड्यासारखा किनारा उत्तरेच्या वाऱ्याला उत्तम आडोसा देतो, नैऋत्येला उघडा आहे. म्हणून मुक्कामाची जागा फोटो बघून नाही, त्या रात्रीच्या अंदाजावरून ठरवायची. नैऋत्येचा अंदाज असेल तर एस्पिरितू सांतोच्या पूर्वेकडचा बोनान्झा किनारा. कप्तानाने बेत बदलला तर हुज्जत घालू नका.

ढोबळ मार्ग: पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या आत निघून एस्पिरितू सांतोची कालेता पार्तिदा खाडी, वीस-पंचवीस सागरी मैल, ५ नॉटने चार-पाच तास. पुढे एन्सेनादा ग्रांदे ही खाडी. एक सकाळ लोस इस्लोतेस या खडकाळ बेटांना, समुद्रसिंहांसाठी. त्यांच्या विणीच्या काळात, १ जून ते ३१ ऑगस्ट, तिथे पाण्यात उतरायला बंदी असते, एप्रिलमध्ये चालतं. हवा साथ देत असेल तरच सान फ्रान्सिस्को बेट. शेवटची रात्र बंदराच्या जवळ.

नांगर: सहा मीटर पाणी, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची दीड, भरतीची वाढ एक, मिळून साडेआठ. त्याच्या पाचपट म्हणजे ४२-४३ मीटर साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट. तळ वाळूचा हवा; खडकावर नांगर घसरतो किंवा अडकून बसतो. ला पासच्या खाडीत मात्र ओहोटीची ओढ आणि वारा एकमेकांविरुद्ध असले की नांगरलेल्या बोटी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून फिरत राहतात. तिथे शेजारच्या बोटीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर लागतं.

पाणी: नऊ माणसं, सहा दिवस, माणशी १० लिटर वापराचं, म्हणजे ५४० लिटर. टाकी किती लिटरची ते आधी विचारा. पिण्याचं वेगळं, माणशी तीन लिटर धरून १६२, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. रिकामे जार परत करायचे असतात, फेकू नका. गोडं पाणी उघडं ठेवलंत तर बेटांवरच्या मधमाश्या शोधत येतात. बेसिन पुसून कोरडं ठेवा, ओले टॉवेल बाहेर वाळत घालू नका.

ज्येष्ठांसाठी अवघड काय, तर छोट्या रबरी होडीत चढणं-उतरणं. किनाऱ्यावर धक्का नसतो, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. गुडघे कितपत वाकतात यावर निर्णय घ्या, वयावर नाही. उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट दडलेले असतात आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतात. तसं झालं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा.

बोट लागण्याची गोळी आदल्या रात्री सुरू करा, उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. सिनारिझिन अमेरिकेत मिळत नाही, पुण्याहून येणाऱ्यांना आणायला सांगता येईल. पण ज्येष्ठांनी, विशेषतः काचबिंदू, प्रोस्टेट किंवा कंपवात असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी घेऊ नये.

---

बिनमांसाचा_टाको

शाकाहाराचा धोका दिसणाऱ्या मांसात नाही, लपलेल्या चरबीत आहे. वाटलेल्या फ्रिहोलेसमध्ये (राजम्यासारख्या कडधान्यात) बहुतेक वेळा डुकराची चरबी (मान्तेका), भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला, मोले या मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्श्यातही तेच पाणी. ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटल्याने हे टळत नाही. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ (चरबी नको, कोंबडीचं पाणी नको) असं दोन्ही म्हणा. मक्याची तोर्तिया (पातळ पोळी) सहसा निर्धोक. ला पासकडे गव्हाच्या तोर्तिया जास्त खातात आणि त्यांत मान्तेका असते, म्हणून दुकानातलं पाकीट उलटं करून वाचा.

ग्वानाह्वातोत एन्चिलादास मिनेरास (मिरचीच्या रश्श्यात बुडवलेल्या, सारण भरलेल्या तोर्तिया) मागवा, वर बटाटा-गाजर असतं. चिकन नको म्हणून आधीच सांगा.

बोटीवर तर उलट सोपं आहे. ला पासच्या बाजारात मसूर (लेंतेहा), तांदूळ, कांदे, बटाटे, टोमॅटो, लिंबं, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळतं. घरून फक्त सीलबंद मसाले आणि हिंग न्या. सुटं धान्य, बिया, घरचं लोणचं विमानतळावर काढून घेऊ शकतात. तीन लिटरचा लहान कुकर मात्र सामानात टाका: गॅस वाचतो, पाणीही. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा, कोबी-गाजर शेवटी. खोकी बोटीत नेऊ नका, पुठ्ठ्यातून झुरळं येतात.

---

खारे_वारे

मतलईंच्या मताचा आदर ठेवून एक वेगळा पर्याय. गुडघ्यांचा प्रश्न खरोखर असेल तर ला पास सोडा आणि पुएर्तो वायार्ताची बांदेरास खाडी घ्या. उत्तरेचा वारा तिथे सहसा पोचत नाही. सकाळी शांत, दुपारी खारे वारे १२ ते १८ नॉट, संध्याकाळी पुन्हा शांत. ला क्रूसच्या मरीनातून रोज निघायचं आणि रात्री जमिनीवर झोपायचं. गावासाठी सान सेबास्तियान देल ओएस्ते हे जुनं चांदीच्या खाणींचं गाव डोंगरात दीड-दोन तासांवर आहे. तोटा एवढाच, की बोटीवरच्या मुक्कामाची मजा जाते, आणि हंपबॅक देवमासे हवे असतील तर डिसेंबर ते मार्च यायला हवं.

---

वाटाड्या_ह्यूस्टन

सर्वांचे आभार. तारखा १० एप्रिलपासून करतो आणि पुएब्ला-वाहाका काढतो. गुडघे ठीक आहेत, त्यामुळे ला पासच. एकच राहिलं: ग्वानाह्वातोहून ला पासला कसं पोचायचं, आणि मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या?

---

मतलई

जवळचा विमानतळ सिलाओचा, गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून थेट विमान तुमच्या दिवशी नसेल तर मेक्सिको सिटी किंवा ग्वादालाहारावरून जा. दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडणार असाल तर मध्ये किमान चार तास ठेवा, बॅगा पुन्हा तपासणीला द्याव्या लागतात. ला पासचं घड्याळ मेक्सिको सिटीच्या एक तास मागे आहे. बोटीची वेळ ‘स्थानिक’ म्हणून लिहून घ्या.

कडक कवचाची बॅग बोटीत ठेवायला जागाच नसते. पहिल्या ला पासच्या रात्रीचं आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेल एकच घ्या, मोठ्या बॅगा त्यांच्याकडे ठेवा आणि घडी होणाऱ्या कापडी पिशवीत माणशी सात-आठ किलो बोटीवर न्या. एप्रिलमध्ये पाणी २२ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा ३ मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख) तिथेच भाड्याने मिळतो का ते बोटवाल्याला करारापूर्वीच विचारा, मापांसह.